उत्तर देणारा मंत्री: कै. यशवंतराव चव्हाण

दापोली तालुक्यातील मुरूडहून किनाऱ्याने हर्णैस निघालेल्या माणसास समुद्रात उभा असलेला सुवर्णदुर्ग दिसल्यावाचून राहत नाही. सन १७५५ च्या एप्रिलात हा किल्ला तुळाजी आंग्रे यांच्या हातून गेला. तो घेणारे आरमार कमोडोर जेम्स याचे, म्हणजे मुंबईकर इंग्रजांचे होते. आणि त्या इंग्रजांस या कामी पाचारण करणारे सरकार पुण्याच्या पेशव्यांचे होते. पुढल्याच वर्षी, १७५६ च्या फेब्रुवारीत, विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले आणि मराठ्यांच्या समुद्रावरील सत्तेचा कणा मोडला. तुळाजीचा उद्दामपणा, पेशव्यांची अडचण, आपापसांतील जुने वैर ही सर्व कारणे इतिहासकार सांगतात व ती खोटी नाहीत. परंतु आम्हांस या प्रसंगी निराळीच गोष्ट वाचकांच्या ध्यानात आणून द्यावयाची आहे. परक्याच्या तोफा आणून स्वकीयांचे आरमार बुडविण्याचा हा बेत ज्या मसलतीत ठरला, त्या मसलतीत उभे राहून याचा पुढे परिणाम काय, असे विचारण्याचा अधिकार हर्णैच्या खलाशास किंवा मुरूडच्या व्यापाऱ्यास नव्हता. विचारणाराच कोणी नव्हता, मग उत्तर देणारा कोठून असणार?

राज्याचे संरक्षण आणि परराज्यांशी संबंध ही दोन खाती अशी आहेत की, त्यांतील एका चुकीचे प्रायश्चित्त पुढच्या पिढ्यांस भोगावे लागते. आणि नेमक्या याच दोन खात्यांविषयी लोकांनी काही विचारू नये, हे नाजूक विषय जाणत्यांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, असे सांगणारे शहाणे प्रत्येक काळात असतात. आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो की, आपल्या पेढीवरील मुनीम कितीही विश्वासू असला तरी सायंकाळी रोजमेळ पाहिल्यावाचून आपण दुकानाची फळी लावता काय? रोजमेळ पाहणे हा मुनिमाचा अपमान नव्हे. उलट प्रामाणिक मुनिमास तोच आपल्या प्रामाणिकपणाचा दाखला वाटतो. संसदेतील प्रश्न म्हणजे राष्ट्राच्या पेढीवरील हाच रोजमेळ होय. तो उघडून दाखविण्याचे काम ज्याने अत्यंत कठीण काळी केले आणि जो बंद झाला तेव्हा ज्यास गप्पही बसावे लागले, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हा अधिकार आपणांस कसा मिळाला हे सांगितले पाहिजे. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. पण उत्तर आले की ते मुकाट्याने ऐकून घ्यावयाचे, त्यावर दुसरा प्रश्न करावयाचा नाही, अशी ती मुभा होती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास पुरवणी प्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ च्या कायद्यानंतर तो इतर सभासदांसही विचारता येऊ लागला. आपल्याच जिल्ह्यातील गुहागर तालुक्याच्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ पासून वरिष्ठ कौन्सिलात अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांत लष्करी खर्चाचा बोजा हा त्यांच्या टीकेचा एक मुख्य विषय होता. परंतु गोखले बोलू शकत होते, खर्च अडवू शकत नव्हते. पुढे १९१९ च्या आणि १९३५ च्या कायद्यांतही लष्कराचा खर्च लोकप्रतिनिधींच्या मतदानापलीकडेच ठेवण्यात आला. हिंदुस्थानच्या पैशाने हिंदुस्थानचे शिपाई कोणत्या रणांगणावर पाठवावयाचे, हे हिंदुस्थानास विचारण्याची चाल नव्हती. १९४७ नंतर ही स्थिती पालटली. लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास प्रश्नांचा झाला. तारांकित प्रश्नास मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यावयाचे व त्यावर सभासदांनी पुरवणी प्रश्न करावयाचे. अतारांकित प्रश्नास लेखी उत्तर मिळावयाचे. लेखी उत्तर कचेरीतील कारकून तयार करतो. पुरवणी प्रश्नास मात्र मंत्र्याचे स्वतःचे ज्ञान आणि स्वतःचा प्रामाणिकपणा यांवाचून दुसरा आधार नसतो. साक्षीदाराची खरी पारख सरतपासणीत होत नाही, उलटतपासणीत होते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता ते सांगली जिल्ह्यात आहे. वडील न्यायखात्यात बेलिफाच्या लहानशा नोकरीवर होते. मुलाच्या बालपणीच ते वारले आणि आई विठाबाई यांनी कष्ट करून मुलांस वाढविले. अक्षरओळख नसलेल्या या मातेने मुलांच्या शिक्षणास खंड पडू दिला नाही. यशवंतराव कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असता राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले. १९३२ साली कायदेभंगाच्या चळवळीत त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांस थोरामोठ्यांचा सहवास लाभला, वाचन घडले, आणि कराडचा एक विद्यार्थी राजकारणाचा अभ्यासक होऊन बाहेर पडला. कोल्हापुरास राहून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले व १९४१ मध्ये पुण्यास एल्‌एल्‌. बी. झाले. वकिली जमते न जमते तोच १९४२ ची चळवळ आली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फलटणच्या वेणूताई मोरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. नवा संसार मागे टाकून ते सातारा जिल्ह्यात भूमिगत झाले. पत्नीसही तुरुंग पाहावा लागला. आणि १९४३ मध्ये ते स्वतः पकडले गेले.

१९४६ साली ते मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या हाताखाली संसदीय चिटणीस झाले. या पदास मान थोडा आणि काम फार. सभागृहात येणाऱ्या प्रश्नांची माहिती जमविणे, खात्याने दिलेली माहिती तपासणे, अधिकाऱ्याने काय सांगितले व काय गाळले हे ओळखणे, या कामात उत्तर देण्याचे मूळ धडे मिळतात. पुढे यशवंतरावांच्या उत्तरांत जो सावधपणा व जी नेमकी मांडणी दिसे, तिचा उगम आम्ही येथेच धरतो. मोरारजींचे व त्यांचे संबंध पुढील तीस वर्षांत अनेक वळणे घेणार होते. त्यांतील एका वळणाची आठवण या लेखाच्या ओघात पुन्हा येईल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते विशाल द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रास तेव्हा हे राज्य नको होते. मुंबईत रक्त सांडले होते, संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात काँग्रेसची दाणादाण उडविली होती आणि खुद्द यशवंतराव कराडातून थोडक्या मतांनी निवडून आले होते. समोरच्या बाकांवर एस. एम. जोशी व आचार्य अत्रे यांच्यासारखे प्रतिपक्षी होते आणि त्यांच्यामागे संतप्त लोकमत होते. अशा सभागृहात मुख्यमंत्र्यास दोन मार्ग असतात. बहुमताच्या बळावर विरोधकांस तुच्छ लेखावयाचे, किंवा त्यांच्या प्रश्नामागे खरोखर किती लोक उभे आहेत हे मोजावयाचे. यशवंतरावांनी दुसरा मार्ग धरला. द्विभाषिक चालणार नाही, हे दिल्लीच्या गळी उतरविण्यात समितीच्या आंदोलनाचा जसा वाटा आहे तसा, ते आंदोलन ऐकू येणारा मुख्यमंत्री त्या जागी होता, याचाही आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले. १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्यास देशातील पहिली सैनिकी शाळा निघाली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा मुंबईहून जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तेथून गावापर्यंत आणण्याचे कामही त्यांच्याच कारकिर्दीत झाले.

इतक्यात उत्तरेत आग लागली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाखात व ईशान्य सरहद्दीवर एकाच वेळी हल्ला चढविला. आपले सैन्य मागे रेटले गेले. युद्ध चालू असतानाच ८ नोव्हेंबरला संसदेचे अधिवेशन भरले आणि सभासदांनी सरकारवर भडिमार केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांस मंत्रिमंडळातून जावे लागले. त्यांच्या जागी पंडित नेहरूंनी यशवंतरावांस बोलावले. हिमालयाच्या हाकेस सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्र तेव्हा अभिमानाने म्हणू लागला व अजूनही म्हणतो. पण या अभिमानाच्या भरात, धावून जाणाऱ्यास काय सापडले, हे आपण विसरतो. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. लढावयास गेलेल्या मंत्र्यापुढे लढाई राहिली नव्हती. राहिला होता तो पराभव, आणि त्याविषयी जाब विचारणारा देश. पुढे नाशिककरांनी त्यांस बिनविरोध लोकसभेवर पाठविले.

त्यांची खरी कसोटी येथे लागली. सेनापती चौधरी यांनी पराभवाच्या कारणांची चौकशी करण्यास लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांस नेमले होते. त्यांचा अहवाल १९६३ च्या मध्यास संरक्षणमंत्र्यांच्या हाती आला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारवर लोकसभेच्या इतिहासातील पहिला अविश्वासाचा ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला; पण ठराव फेटाळला म्हणजे प्रश्न मिटतो असे नव्हे. २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांनी चौकशीतील निष्कर्षांचे निवेदन संसदेपुढे केले. अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, तसे केल्यास शत्रूस आपली स्थिती कळेल व सैन्याच्या मनोधैर्यावर परिणाम होईल, हे त्यांनी सांगितले. मात्र त्या आडोशास दडून ते बसले नाहीत. सैन्याचे मूळ शिक्षण चांगले असले तरी डोंगराळ मुलखातील लढाईची व चिनी युद्धपद्धतीची तयारी त्यास दिली गेली नव्हती; सामग्रीची उणीव होती आणि जी होती ती उंच पहाडांत वेळेवर पोहोचविता आली नाही; शत्रूच्या हालचालींची बातमी अपुरी व मोघम असे; वरच्या सेनाधिकाऱ्यांनी खालच्यांच्या बारीकसारीक कामांत हात घातला; उणेपणा शिपायांत व कनिष्ठ अधिकाऱ्यांत नसून वरच्या पायरीवर अधिक होता; आणि सैन्य कितीही चांगले असले तरी त्यास सरकारकडून धोरणाचे स्पष्ट मार्गदर्शन लागते, असा या निवेदनाचा आशय होता.

वाचकांनी हे पुन्हा एकवार पाहावे. ज्या सरकारचा तो मंत्री, त्याच सरकारच्या उणिवेकडे बोट दाखविणारे हे वाक्य त्याने त्याच सरकारच्या बाकावरून, खुद्द नेहरू पंतप्रधान असताना उच्चारले. सगळा दोष गेलेल्या मंत्र्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे होते. शिपायास दोष देणे त्याहून सोपे, कारण शिपायास संसदेत उत्तर देता येत नाही. यशवंतरावांनी यांतले काही केले नाही. तथापि वकिलाच्या धंद्यात मुरलेल्या आम्हांस दुसरी बाजूही मांडली पाहिजे. तो अहवाल त्यानंतर एकामागून एक आलेल्या सर्व पक्षांच्या सरकारांनी कुलुपातच ठेवला. २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने त्यातील बराचसा भाग प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या पराभवाची कैफियत भारतीयांस परक्याच्या हातून वाचावी लागली. १९६३ साली गुप्तता राखणे शहाणपणाचे होते, हे आम्ही मान्य करतो. पण गुप्ततेस मुदत नसली की ती संरक्षणाची ढाल न राहता अडचणीच्या उत्तरांवरील झाकण होते. निवेदन करून यशवंतरावांनी प्रश्नाचा मान राखला. अहवाल केव्हा खुला होईल याची काही मर्यादा तेव्हाच ठरती, तर तो मान पुरता झाला असता.

उत्तर देणे म्हणजे नुसते बोलणे नव्हे. काल काय चुकले याच्या उत्तरास उद्या काय करणार याची जोड लागते. संरक्षणमंत्र्याने तिन्ही दलांच्या प्रमुखांस व चिटणिसांस सकाळी एकत्र बसवून कामाचा आढावा घेण्याचा परिपाठ पाडला. १९६४ मध्ये संसदेपुढे पाच वर्षांची संरक्षण योजना आली: सुमारे ५,००० कोटी रुपयांचा खर्च, सव्वाआठ लाखांचे सैन्य, त्यांत पहाडी युद्धासाठी खास शिकविलेल्या डिव्हिजन, आणि पंचेचाळीस स्क्वाड्रनांचे विमानदल. अन्नधान्यास व शाळांस पैसा अपुरा पडत असलेल्या देशात एवढा खर्च कशासाठी, हा प्रश्न रास्त होता, व तो विचारला गेला. शस्त्रे कोठून आणावयाची, हाही प्रश्न होता. १९६४ च्या मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेत गेले असता नेहरूंच्या निधनाची बातमी येऊन त्यांस परतावे लागले. त्याच वर्षी त्यांनी रशियाशी बोलणी केली आणि मिग विमाने देशात बांधण्याच्या योजनेस गती आली. त्यांतील एक कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला. कोणत्याही एका बलाढ्य राष्ट्राच्या दारी न बसता दोन्हींकडून घ्यावे आणि शेवटी घरी बनवावे, हे धोरण संसदेत वर्षानुवर्षे होणाऱ्या चर्चेतून घासूनपुसून तयार झाले. त्या चर्चांत आपल्या कोकणचा आवाज मोठा होता. वेंगुर्ल्यास जन्मलेले व राजापूर मतदारसंघातून १९५७, १९६२ व १९६७ असे तीनदा निवडून आलेले बॅ. नाथ पै परराष्ट्र व संरक्षण या विषयांवर बोलावयास उभे राहिले की सभागृह कान देऊन ऐके. कोकणने त्या काळी दिल्लीस उत्तम प्रश्नकर्ता दिला आणि कृष्णाकाठाने उत्तर देणारा दिला. दोघे परस्परविरोधी बाकांवर बसत आणि त्यांत दोघांपैकी कोणाच्याही देशभक्तीस उणेपणा आला नाही.

१९६५ साली या तयारीची परीक्षा झाली. एप्रिलात कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ऑगस्टात काश्मिरात घुसखोर शिरले, आणि १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांबवर चालून आले. त्या दिवशी दुपारी सेनापती चौधरी व विमानदलाचे प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांच्या खोलीत आले. विमाने वापरावयाची की नाही, हा प्रश्न होता. मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट न पाहता यशवंतरावांनी संमती दिली आणि सूर्यास्तापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. त्या संध्याकाळी आपली चार विमाने पडली. पण शत्रूची चाल मंदावली. ६ सप्टेंबरला आपल्या फौजांनी लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडली आणि ही वार्ता संरक्षणमंत्र्यांनी त्याच दिवशी लोकसभेस दिली. अधिवेशन चालू होते, युद्धही चालू होते, आणि देशास रणांगणाची बातमी आपल्या प्रतिनिधींच्या सभागृहातून मिळत होती. यश तेवढे सांगावे व अपयश गिळावे, असा हा काळ असतो. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी युद्धनौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या, तेव्हा आपले आरमार कोठे होते, असे किनाऱ्यावरील लोकांनी विचारले, ते काही देशद्रोहाने नव्हे. ज्यांच्या दारात समुद्र आहे त्यांनी ते विचारावयाचे नाही तर कोणी? २३ सप्टेंबरला युद्ध थांबले.

१९६६ च्या जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजींबरोबर यशवंतरावही गेले होते. १० जानेवारीच्या करारान्वये दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परत जावयाचे ठरले, म्हणजे रक्त सांडून घेतलेली हाजी पीरची खिंडही परत द्यावयाची होती. त्याच रात्री शास्त्रीजींचे देहावसान झाले. महावीर त्यागी यांनी कराराच्या निषेधार्थ मंत्रिपद सोडले आणि संसदेत सरकारवर कठोर टीका झाली. जिंकलेली भूमी परत देण्याचे समर्थन करणे हे संरक्षणमंत्र्यास सर्वांत अवघड काम. परंतु करार आपल्या सहमतीने झाला असता त्याची जबाबदारी स्वर्गवासी पंतप्रधानांवर ढकलणे यशवंतरावांनी केले नाही. युद्धाच्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत असत. ती त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. इतरांस उत्तर देणारा हा गृहस्थ रात्री स्वतःसही हिशेब देत असे, हे तीवरून कळते.

यापुढे गृह व अर्थ ही खाती सांभाळून १९७४ च्या ऑक्टोबरात ते परराष्ट्रमंत्री झाले. १९७५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने पाकिस्तानवरील दहा वर्षांची शस्त्रबंदी उठविली, तेव्हा त्यांनी संसदेत नापसंती सांगितली व आपली ठरलेली अमेरिकेची भेट पुढे ढकलली. सिक्कीम भारतीय संघराज्यातील राज्य व्हावे यासाठीचे घटनादुरुस्तीचे विधेयक १९७५ च्या एप्रिलात त्यांनीच लोकसभेत मांडले. आणि १९७६ च्या एप्रिलात, पंधरा वर्षांच्या खंडानंतर चीनकडे पुन्हा राजदूत पाठविण्याचा निर्णय त्यांनीच संसदेस कळविला. त्या जागी के. आर. नारायणन यांची नेमणूक झाली, जे पुढे राष्ट्रपती झाले. चीनशी झालेल्या पराभवाचे उत्तर देण्यास जो दिल्लीस आला, त्यानेच चीनशी पुन्हा बोलणे सुरू झाल्याची वार्ता सभागृहास द्यावी, हा योग विलक्षण खरा.

परंतु ही वार्ता त्यांनी ज्या सभागृहास दिली, ते सभागृह पूर्वीचे राहिले नव्हते. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. प्रतिपक्षाचे पुढारी तुरुंगात टाकण्यात आले. ज्यांच्या हाताखाली यशवंतराव १९४६ साली उत्तरे तयार करावयास शिकले ते मोरारजी देसाई त्यांत होते. पुरवणी प्रश्नांनी मंत्र्यांस घाम फोडणारे मधु लिमये होते. अटलबिहारी वाजपेयीही होते. वृत्तपत्रांवर तपासनीस बसले. जुलैत अधिवेशन भरले ते प्रश्नोत्तराचा तास स्थगित करूनच. यशवंतरावांनी या सर्वांस विरोध नोंदविला नाही व मंत्रिपदही सोडले नाही. १९३२ साली परकी सरकारचा तुरुंग सोसलेला, विरोधकांचे ऐकून राज्य घडविलेला, पराभवाची कारणे उघड सांगितलेला हा मनुष्य या वेळी गप्प बसला. त्यांच्या चाहत्यांनी याची अनेक कारणे दिली आहेत: पक्षनिष्ठा, आतून काही सावरता येईल ही आशा, एकट्याच्या राजीनाम्याने काय होणार हा विचार. ही कारणे आम्ही ऐकून घेतो, पण त्यांवर दोषमुक्तीचा निकाल देऊ शकत नाही. ज्याने प्रश्नाचा मान जाणला, त्याच्याकडून त्या मानाच्या रक्षणाची अपेक्षा अधिक असते. थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना त्याचा कमकुवत क्षण गाळणे म्हणजे रोजमेळातील नावेची बाजू फाडून टाकणे होय.

काळाने लवकरच पारडे फिरविले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसचा पराभव झाला, मोरारजी पंतप्रधान झाले, वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले आणि यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षाचे नेते झाले. पंधरा वर्षे सरकारी बाकावरून उत्तरे दिलेला मंत्री आता समोरच्या बाकावर बसून प्रश्न विचारू लागला. विरोधी पक्षनेत्याच्या पदास कायद्याने मान्यता व वेतन देणारा कायदाही त्याच वर्षी झाला. १९७९ च्या जुलैत मोरारजी सरकारवर अविश्वासाचा ठराव त्यांनीच मांडला व ते सरकार गेले. त्यानंतर काही महिने ते उपपंतप्रधान होते. पण ती अखेरची उसळी ठरली. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई निवर्तल्या आणि ते मनाने खचले. आपले आत्मचरित्र त्यांनी लिहावयास घेतले होते. त्याचा पहिला खंड ‘कृष्णाकाठ’ तेवढा प्रसिद्ध झाला, आणि तो १९४६ पाशी थांबतो. ज्या वर्षांविषयी देशास त्यांच्याकडून सर्वांत अधिक ऐकावयाचे होते, त्या वर्षांचे उत्तर लिहून होण्यापूर्वीच २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. कराडास कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? एक तर असे की, प्रश्नाने संरक्षण दुबळे होत नाही. १९६२ पूर्वी जे प्रश्न टाळले गेले त्यांचे उत्तर हिमालयात जवानांस द्यावे लागले. १९६३ नंतर जे प्रश्न ऐकून घेतले गेले त्यांतून १९६५ ची तयारी झाली. दुसरे असे की, एका चांगल्या मंत्र्याच्या सुस्वभावावर हा अधिकार सोडून चालत नाही. तोच यशवंतरावांसारखा मंत्री १९६३ मध्ये उत्तर देतो आणि १९७५ मध्ये प्रश्नांचा तास गेला तरी बसून राहतो. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासावाचून झाले, लेखी उत्तरे तेवढी मिळाली. कारण खरे असो वा सबळ असो, पक्ष हा असो वा तो असो, तास बुडाला तर लोकांस चुकल्यासारखे वाटले पाहिजे. आपल्यापैकी किती जणांस तसे वाटले, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

दिल्लीचे विषय मुरूडच्या माणसास दूरचे, असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. १९९३ साली शेजारच्या रायगड जिल्ह्यात शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली व ती मुंबईत फुटली. २००८ च्या नोव्हेंबरात मारेकरी समुद्रावरूनच मुंबईत आले, व तेही एका मच्छीमार नौकेचा उपयोग करून. समुद्रावरील पहारा, बंदरातील नोंद, मच्छीमारांची ओळखपत्रे, गस्तीच्या नौका व त्यांवरील माणसे हे सर्व संरक्षणाचेच प्रश्न आहेत, आणि ते हर्णैच्या बंदरातून जितके स्पष्ट दिसतात तितके दिल्लीहून दिसत नाहीत. तेव्हा आमच्या वाचकांनी आपल्या खासदारास पत्र लिहून विचारावे की, या अधिवेशनात आपण आमच्या किनाऱ्याविषयी कोणते प्रश्न दिले व त्यांस काय उत्तर मिळाले. ग्रामसभेस जावे आणि तेथे हिशेब मागावा. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याचा उपयोग भांडणासाठी न करता माहितीसाठी करावा. विचारताना भाषा सभ्य असावी, वस्तुस्थिती पक्की असावी, आणि उत्तर खरे आले तर ते आपल्या पक्षास गैरसोयीचे असले तरी मान्य करावे. प्रश्नकर्त्यास या तीन गोष्टी साधल्या म्हणजे उत्तर देणाऱ्यास सबब राहत नाही.

सुवर्णदुर्गाचा तट अजून लाटा सोशीत उभा आहे. तो पडला तेव्हा कोकणातील माणसास विचारण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यास दोष देता येत नाही. आपणांस तो अधिकार आहे. तो आपण वापरला नाही, तर पुढच्या पिढ्यांपुढे आपणांस कोणती सबब सांगता येईल?